हॅरियरच्या रातथाऱ्यावर मोजणी कशी करायची

ऑक्टोबर लागला की सासवड, जेजुरी, सुप्याच्या माळांवरून हॅरियरचे, म्हणजे भोवत्या या शिकारी पक्ष्याचे, फोटो यायला लागतात आणि फोटोखाली आकडे. 'आज पन्नास हॅरियर!' कुठं उभं राहून मोजले, किती वेळ, गवतातून उठून परत बसलेले वजा केले का, यातलं काहीही दिलेलं नसतं. असा आकडा पुढच्या वर्षीच्या आकड्याशी लावून बघता येत नाही.

मीही असे आकडे दिलेत. पहिल्या वर्षी एका संध्याकाळी मी एकसष्ट हॅरियर मोजले आणि घरी येईपर्यंत चार जणांना फोन करून सांगितले. दुसऱ्या पहाटे त्याच बांधावर बसलो तेव्हा उडून गेले चौतीस. रात्रीत सत्तावीस पक्षी नाहीसे झाले नव्हते. उठून बसणारे पक्षी मी पुन्हा पुन्हा मोजले होते.

वेताळ टेकडीवर किंवा सिंहगडावर बसून दिवसा जाणारे शिकारी पक्षी मोजता येतात, पण दिवसभरात हाती फार थोडं लागतं आणि त्यात गावच्या घारीच जास्त. हॅरियर दिवसभर माळावर आणि शेतांवर विखुरलेला असतो. संध्याकाळी मात्र बरेच जण एकाच गवताळ पट्ट्यात जमिनीवर झोपायला येतात. ती जागा म्हणजे रातथारा. शरदात आपल्याकडे किती आले हे बघायची खरी जागा तीच.

टप्पा १: रातथारा शोधणं (सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा दुसरा आठवडा)

शोध दुपारी चारनंतर सुरू करायचा. त्याआधी दिसणारा हॅरियर शिकारीवर असतो, तो कुठंही जाईल. साडेचार-पाचनंतर मात्र उडण्यात फरक पडतो. गवतावर मागं-पुढं फेऱ्या मारणं कमी होतं आणि पक्षी एका दिशेनं सरळ जायला लागतात. रस्त्याकडेला थांबा, दिशा होकायंत्रावर घ्या, नकाशावर रेघ ओढा. दुसऱ्या दिवशी दोन-तीन किलोमीटर बाजूला जाऊन तेच करा. दोन रेघा जिथं छेदतात त्याच्या आसपास बघायचं.

याहून सोपा मार्ग म्हणजे मेंढरं घेऊन माळावर असलेल्या धनगर बांधवांना विचारणं. 'हॅरियर कुठं बसतात' असं विचारू नका. 'दिवस मावळताना घारीसारखे पक्षी गवतात कुठं उतरतात?' असं विचारा. गेल्या वर्षी कुठं उतरायचे आणि गवत कापल्यावर कुठं सरकले, हेही बहुतेक वेळा तिथंच कळतं.

गुडघाभर ते मांडीपर्यंत उंच, दाट आणि न चरलेलं गवत लागतं. कुसळी, पवन्या, मारवेल असलेले राखीव तुकडे आधी बघा. दलदली हॅरियर पाणकणसातही झोपतो, त्यामुळे उजनीच्या फुगवट्याकडे गेलात तर शोध पाण्याकाठी.

सावधान: पक्षी उतरलेली पहिली जागा रातथारा असेलच असं नाही. मुख्य जागेत जाण्याआधी ते नांगरटीत किंवा उघड्या माळावर अर्धा-पाऊण तास नुसते बसून राहतात. तिथं मोजून घरी गेलात तर निम्मी मोजणीही झालेली नसते. अंधार पडेपर्यंत थांबा, शेवटी कुठं जातात ते बघा.

टप्पा २: परवानगी आणि बसायची जागा

जमीन कोणाची आहे हे आधी विचारा. वनखात्याची असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन तारखा आणि वेळ लिहून द्या. दिवस मावळल्यावर वनक्षेत्रात थांबायला परवानगी लागते आणि 'आम्ही पक्षीनिरीक्षक आहोत' एवढ्यावर ती मिळत नाही. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे, तिथं नियम आणखी कडक. जमीन खासगी असेल तर मालकाला भेटा, गायरान असेल तर ग्रामपंचायतीत सांगा. बऱ्याचदा यातलं काहीच लागत नाही, कारण बाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावरून गवत छान दिसतं.

आता जागा. इथं दोन चुका हमखास होतात.

पहिली, फार जवळ बसणं. रातथाऱ्याच्या कडेपासून किमान तीनशे मीटर ठेवा. जवळ बसलात तर पक्षी येतात, तुम्हाला बघून वळतात, लांबून फेरी मारून दुसऱ्या बाजूनं येतात. त्यांना त्रास तो त्रास, वर तोच पक्षी दोनदा मोजला जातो.

दुसरी, फार उंच बसणं. टेकाडावरून सगळं दिसेल असं वाटतं आणि सूर्य असेपर्यंत दिसतंही. पण हॅरियर जमिनीपासून दोन-तीन मीटरवरून येतो. वरून बघितलं की त्याच्या मागं काळपट गवत असतं आणि मावळतीनंतर दहा मिनिटांत तो त्यात विरघळतो. त्यापेक्षा सखल जागी, बांधाच्या पायथ्याशी, चक्क मांडी घालून बसा. मग तोच पक्षी क्षितिजाच्या वर, उजळ आकाशावर काळा दिसतो. ज्या संध्याकाळी मी टेकाडावरून उतरून खाली बसलो, त्या संध्याकाळी मोजणी वीस मिनिटं जास्त चालली.

दिशा अशी धरा: रातथाऱ्याच्या आग्नेयेला बसायचं, तोंड वायव्येला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सूर्य पश्चिमेच्या जरा दक्षिणेला मावळतो, म्हणजे तो तुमच्या डाव्या हाताला राहतो. डोळ्यात येत नाही आणि मावळल्यावरचा उजेड कामाला येतो. सूर्य पाठीशी घेऊन बसलं तर रंग सुरेख दिसतात, पण अंधार आधी होतो. मोजायला गेलोय की ओळखायला, हे ठरवा. माणसं जास्त असतील तर दोन्ही बाजूंना बसवा.

तपासा: दुर्बीण सूर्यावरून फिरणार नाही ना? खाली जाणारा पक्षी धरताना नेमकं हेच होतं आणि डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

टप्पा ३: सामान

थोडकंच लागतं. दुर्बीण ८×४२ची (आठपट, ४२ मिलिमीटर भिंगाची) घ्या, १०×४२ची नको. बेचाळीसला आठानं भागलं की ५.२५ मिलिमीटर येतात, दहानं भागलं की ४.२. डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशझोताची ही रुंदी आहे आणि संध्याकाळी हा फरक जाणवतो. बाकी हातात धरून दाबून मोजायचे दोन क्लिकर (एक येणाऱ्यांना, एक जाणाऱ्यांना), पॅड, पेन्सिल, लाल कागद लावलेली विजेरी, होकायंत्र. मातकट कपडे. मोजे जाड घ्या किंवा घालूच नका. कुसळं एकदा विणीत शिरली की मोजे फेकावे लागतात आणि मोजणीच्या ऐन वेळी घोटा खाजवत बसावं लागतं ते वेगळंच.

एकटे असाल तर पॅडवर लिहू नका. मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू ठेवा आणि बोलत राहा: 'पाच बावन्न, उत्तरेकडून दोन, एक नर.' लिहायला मान खाली घातली की तेवढ्यात तीन आत येतात.

टप्पा ४: कोणत्या नावानं नोंदवायचं, हे आधी ठरवणं

रातथाऱ्यावर नाव लावायला दोन-तीन सेकंद मिळतात. म्हणून रकाने घरूनच आखून न्यायचे. मी पाच ठेवतो; पॅलिड, माँटेग्यू आणि दलदली या हॅरियरच्या जाती.

पॅलिड नर: फिकट राखाडी, लांबून जवळजवळ पांढरा, पंखाच्या टोकाला काळी निमुळती पाचर.

माँटेग्यू नर: राखाडी जास्त गडद, पंखाच्या टोकाला काळं जास्त आणि पंखावर आडवी काळी पट्टी. ही पट्टी दिसली की प्रश्न मिटला.

दलदली हॅरियर: अंगानं मोठा, पंख रुंद. मादी गडद तपकिरी, डोकं मलईच्या रंगाचं, कमरेवर पांढरं नाही.

रिंगटेल: तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. पॅलिड आणि माँटेग्यू दोघांच्या माद्या आणि पिल्लं इथं येतात. पॅलिडच्या मानेभोवती फिकट कंठा असतो आणि त्याच्या मागं गडद पट्टा. चांगल्या उजेडात, जवळून, बाजूनं दिसला तरच तो धरायचा. मावळतीनंतर कंठा बघून पॅलिड लिहिलेली नोंद मी स्वतःचीसुद्धा मानत नाही.

अनोळखी हॅरियर: बाकी सगळे. संध्याकाळ संपताना हा रकाना सगळ्यात मोठा असेल आणि तसाच असायला हवा.

सावधान: शेवटच्या वीस मिनिटांत गवतातून 'उठणारा' पक्षी हॅरियर नसेलही. आखूड कानाचं घुबड त्याच गवतात दिवसभर झोपतं आणि हॅरियर उतरत असताना बाहेर पडतं. डोकं मोठं, मान नाही, पंखांची उघडझाप मऊ आणि खोल. रातवाही तेव्हाच निघतो. कापशीही घोळक्यानं झोपायला येते, ती एका जागी फडफडत थांबते यावरून कळते.

टप्पा ५: संध्याकाळची मोजणी

सूर्यास्त पुण्याकडे १ ऑक्टोबरला साधारण ६:२३ला, १ नोव्हेंबरला ६:०२च्या आसपास, नोव्हेंबरच्या मध्यात सहाला दोन-तीन मिनिटं कमी. त्याच्या दीड तास आधी जागेवर बसायचं आणि सूर्यास्तानंतर पस्तीस-चाळीस मिनिटांनी, काहीच दिसेनासं झाल्यावर उठायचं. सूर्य बुडाला की चहाच्या आशेनं उठणारे पुष्कळ. सूर्यास्ताच्या आगेमागेचा अर्धा तास म्हणजेच मोजणी, आधीचा सगळा वेळ पूर्वतयारी.

अ) बसल्याबसल्या रेषा आखा. रातथाऱ्याभोवती खुणा ठरवायच्या: उत्तरेला एकटी बाभूळ, पश्चिमेला विजेचा खांब, पूर्वेला पाझर तलावाचा बांध, असं काहीतरी. या खुणा जोडणारी मनातली रेषा म्हणजे तुमची हद्द. हद्द गवतापासून शंभर-दोनशे मीटर बाहेर हवी.

आ) रेषा ओलांडली तरच नोंद. लेखातलं एवढं एक पाळलंत तरी पुरे. गवतात उतरणं मोजायचं नाही. पक्षी उतरतो, शेजारी दुसरा उतरला की उठतो, दोघं भांडतात, चक्कर मारून वीस मीटरवर पुन्हा उतरतो. एकच पक्षी दहा मिनिटांत चारदा उतरताना मी बघितलाय. माझे एकसष्ट असेच झाले होते. हद्दीच्या आत त्यानं काहीही केलं तरी तो 'आलेला' एकच. हद्द ओलांडून बाहेर गेला तर 'गेले'च्या रकान्यात एक. परत आला तर पुन्हा 'आले'मध्ये एक. हिशोब आपोआप जुळतो.

इ) पाच-पाच मिनिटांचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यात आले किती, गेले किती. शून्य असेल तर शून्य लिहा, जागा मोकळी ठेवू नका. आपण मोजत होतो आणि काही आलं नाही, हे महिन्याभरानं फक्त त्या शून्यावरूनच कळतं.

ई) नजर फिरवायची पद्धत ठेवा. दुर्बीण डोळ्याला लावून एका पक्ष्यामागं फिरत राहिलं की बाकी दिशा उघड्या पडतात. उघड्या डोळ्यांनी डावीकडून उजवीकडे क्षितिज बघा, मग दुर्बिणीनं उलटं या. पक्षी दिसला, रेषेच्या आत आला, क्लिक केलं, सोडून दिला. सुंदर पॅलिड नर समोरून जात असताना हे जड जातं, मान्य आहे.

उ) दोघंतिघं असाल तर दिशा वाटून घ्या. घड्याळं मोबाइलवरून सेकंदापर्यंत जुळवा. एकाच्या पट्ट्यातून दुसऱ्याच्या पट्ट्यात जाणाऱ्या पक्ष्याची नोंद ज्याच्या बाजूनं तो रेषेच्या आत आला त्याची. शंका असेल तर ओरडू नका, फोनवर हळू सांगा: 'पाच छप्पन्न, खांबाच्या डावीकडून, रिंगटेल, माझा.' लांबलांब बसलेल्या गटांनी हेच वेळ-दिशा-रंग नंतर कागदावर जुळवायचं.

ऊ) सगळे एकदम उठले तर सगळं सोडून मोजा. कोल्हा, कुत्रं, दूरचा फटाका, कशानंही असं होतं. हवेत एका क्षणी एकत्र दिसलेले पक्षी ही तुमची पक्की किमान संख्या. वेळ टाकून वेगळी लिहा, 'आले'मध्ये मिसळू नका.

सावधान: पक्षी उडवून मोजण्यासाठी गवतात शिरू नका, टाळ्या वाजवू नका, ड्रोन तर नाहीच. दोन-तीनदा उठवलेला रातथारा सोडून पक्षी जातात आणि मग मोजायला काहीच उरत नाही. शिवाय या माळांवर फुरसं आहे, लांडगे आहेत आणि मेंढरांमागची कुत्री लांडग्यांपेक्षा तापट. अंधारात परतताना दोघं मिळून, उजेड पायाशी ठेवून, पायवाटेनंच या.

टप्पा ६: आकडा काढणं

समजा ऐन वेळेचा कागद असा आहे:

५:४०–५:४५: आले ३, गेले ०
५:४५–५:५०: आले ६, गेले १
५:५०–५:५५: आले ९, गेले ४
५:५५–६:००: आले ५, गेले २
६:००–६:०५: आले ४, गेले ०

एकूण आले २७, गेले ७. रातथाऱ्यावर २०. लोक सत्तावीस सांगतात.

आता समजा ६:०४ला सगळे उठले आणि हवेत एकत्र १९ दिसले. वीसच्या जवळ आहे, आकडा विश्वासाचा. पण २४ दिसले असते तर? निदान चार पक्षी तुमच्या नजरेतून सुटून आत आले होते. मग 'किमान २४' लिहायचं, शेजारी हिशोबात २० निघाले होते तेही लिहायचं. आणि हवेत फक्त ११ दिसले तर घाबरायचं कारण नाही, बरेच जण उठलेच नसतील. पडताळणी एकाच बाजूनं चालते: हवेतला आकडा जास्त आला तर हिशोब चुकला, कमी आला तर काहीच सिद्ध होत नाही.

तुम्ही पोचण्याआधीच आत बसलेले पक्षी दिसले तर त्यांची सुरुवातीची वेगळी ओळ घाला. बेरजेत ते धरायचे.

टप्पा ७: पहाटेची पडताळणी

निदान मोसमात दोनदा, आदल्या संध्याकाळी मोजलेल्या जागीच करा. सूर्योदयाच्या पाऊण तास आधी जागेवर, नंतर अर्धा तास थांबायचं. नोव्हेंबरच्या मध्यात सूर्योदय पावणेसातच्या आसपास, म्हणजे पुण्यातून सुप्याला जायचं तर चारला निघावं लागतं.

पहाटे बाहेर जाणारे मोजायचे. रेषा तीच, नियम तोच. पक्षी भरभर निघतात, संध्याकाळसारखं उठबस फारसं नसतं, म्हणून मोजणी सोपी. मात्र तुम्ही पोचण्याआधी निघालेले सुटतात आणि धुकं असेल तर सगळंच सुटतं. संध्याकाळ आणि पहाट यात दहा टक्क्यांपर्यंतचा फरक मी चालवून घेतो. त्याहून जास्त असेल तर त्या संध्याकाळच्या आकड्यापुढं प्रश्नचिन्ह राहतं. मधला आकडा काढून मोकळं होऊ नका.

टप्पा ८: पुन्हा पुन्हा जाणं आणि नोंद देणं

एका संध्याकाळवरून स्थलांतर कळत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत दर दहा ते चौदा दिवसांनी, त्याच जागेवरून, तेवढाच वेळ जा. रविवारची सवय असेल तर एक रविवार सोडून एक. 'आज पक्षी कमी असतील' म्हणून फेरी टाळू नका, कमीचे आकडेच तर हवेत. ढग, वारा, पाऊस, दिवाळीचे फटाके, शेजारच्या शेतातलं मळणीयंत्र, सगळं शेऱ्यात लिहा.

दोन गोष्टी करू नका. वेगवेगळ्या तारखांचे आकडे एकमेकांत मिळवू नका. २० ऑक्टोबरचे १४ आणि ३१ ऑक्टोबरचे २० मिळून ३४ होत नाहीत, त्यातले बरेच तेच असतील. आणि पाच-सात किलोमीटरवर दुसरा रातथारा असेल तर दोन्ही एकाच संध्याकाळी मोजल्याशिवाय बेरीज करू नका, कारण पक्षी आज इथं तर उद्या तिथं झोपतात.

ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी जमा करणारं संकेतस्थळ) नोंद देताना 'स्थिर' हा प्रकार निवडा आणि सुरुवातीची वेळ व एकूण मिनिटं बरोबर टाका. रिंगटेलसाठी तिथं 'पॅलिड/माँटेग्यू' असा जोडपर्याय आहे आणि अनोळखींसाठी 'हॅरियर, जात अनिश्चित' असाही. जबरदस्तीनं जात निवडू नका. आले-गेलेचा पूर्ण तक्ता शेऱ्यात चिकटवा. मोसम चालू असेपर्यंत यादी लपवून ठेवा, आणि कुठंही फोटो टाकताना गावाचं नाव गाळा, तालुका पुरे. शनिवारी संध्याकाळी गवताच्या कडेला पाच गाड्या उभ्या राहायला एक फोटो पुरतो.

नोव्हेंबरात गवताची कापणी सुरू होते, जाळरेषाही (वणवा पसरू नये म्हणून गवत काढलेले पट्टे) मारल्या जातात. ठरलेल्या तारखेला गेलात आणि गवतच नसेल तर परत फिरू नका. पूर्ण वेळ बसून शून्य नोंदवा, कारण लिहा आणि येणारे पक्षी कुठल्या दिशेनं पुढं जातात ती रेघ घ्या. टप्पा १ दुसऱ्या दिवशी त्या रेघेवरून पुन्हा सुरू करायचा.